गालावरचं तापमान

“एकोणीस,” पारा म्हणाला आणि त्याने गाल जाळीपासून दूर केला.

इंजिनिअर बाईंनी आकडा लिहून घेतला. त्यांनी मान हलवली नाही, भुवई उचलली नाही, आणि नेमकी त्याचीच पाऱ्याला धास्ती वाटली. एवढी वर्षं त्याने आकडा सांगितला की समोरचा माणूस काहीतरी करायचा. हसायचा, थर्मामीटर शोधायचा, निदान ‘काय सांगता’ तरी म्हणायचा.

थिएटरात त्याला सगळे पाराच म्हणत. एकतीस वर्षं तो तिथला हवेचा मेकॅनिक होता. बॉयलर, पंखा आणि पडद्यामागच्या खोलीतलं गरम पाण्याच्या झडपेचं मोठं चाक, हे त्याचं राज्य. डावा गाल हवेच्या जाळीसमोर धरला की तो तापमान सांगायचा आणि अर्ध्या अंशाचाही फरक पडायचा नाही. प्रत्येक नव्या मॅनेजरने त्याची परीक्षा घेतली होती आणि प्रत्येकाला हरल्याचा चहा पाजावा लागला होता.

आजची परीक्षा मात्र चहावर भागणारी नव्हती. गेल्या आठवड्यात सभागृहाचे चार भाग करून प्रत्येक भागात भिंतीवर काडेपेटीएवढी एक पांढरी डबी लावली होती. डब्या तापमान मोजत, आणि लोकांच्या श्वासातून निघणारा वायूही मोजत. कुठल्या भागात किती माणसं बसली आहेत हे यंत्राला त्यावरून कळे. मग गरम आणि ताजी हवा तेवढ्याच भागात जाई, रिकाम्या खुर्च्यांना नाही. पाऱ्याला ही कल्पना मनापासून आवडली होती. रिकाम्या रांगा तापवताना त्याचा जीव नेहमीच तुटायचा. पण त्या डब्यांना गाल नव्हता, आणि तरी त्या त्याच्या जागी आल्या होत्या.

दुपारच्या खेळाला मध्यंतरापर्यंत पाऱ्याचा हात चालणार होता आणि डब्या नुसत्या बघणार होत्या. मध्यंतरानंतर यंत्राचं राज्य. एकवीस अंश कोण नीट सांभाळतं ते कागदावर येणार, आणि खेळ सुटल्यावर मॅनेजर साहेब पाऱ्याची जागा ठेवायची की नाही ते ठरवणार. “तूच जिंकशील रे, फक्त कागदावर दिसायला हवं,” असं ते हसत म्हणाले होते. त्या हसण्यावर पाऱ्याने तीन रात्री कूस बदलली होती.

दिवे मंद झाले. पाऱ्याने मफलर घट्ट केला आणि मागे जाऊन चाकाला आणखी एक फेरा दिला. सहा फेरे झाले. एकोणीस म्हणजे दोन अंश कमी, आणि आज हरायचं नव्हतं.

पंधरा मिनिटांनी तो बाजूच्या वाटेने अंधारात चालत गेला. मधल्या दोन भागांत माणसं बरी होती, शेवटच्या रांगा मोकळ्या. त्याने जाळीला गाल लावला. अजून गारच. बाहेर थंडी तरी किती पडली असेल, असं त्याला वाटलं. सकाळी निघताना बायकोने त्याला दारात अडवलं होतं. आतून दोन स्वेटर, बाहेरून एक आणि वर मफलर बघून ती म्हणाली होती, “अहो, माणूस आहात की कांदा?” यंदा थंडी जास्त आहे, असं तो म्हणाला. त्यावर तिने शेजाऱ्यांच्या उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं होतं. ते वेडे आहेत, असं म्हणून तो जिना उतरला होता.

आता पडद्यावरच्या उजेडात त्याला काही गोष्टी दिसत होत्या. कडेच्या खुर्चीवरचा म्हातारा कोट मांडीवर घेऊन बसला होता. एक बाई तिकिटाने वारा घेत होती. तिसऱ्या रांगेत लागोपाठ चार जांभया. पिक्चर रटाळ असणार, असं त्याने मनाला समजावलं, पण नजर पुन्हा त्या कोटाकडे गेली. एकतीस वर्षं तो कोट वाचत आला होता. अंगावरचा कोट म्हणजे चाक उघड, मांडीवरचा म्हणजे बंद कर. हे त्यानेच डोअरकीपरला शिकवलं होतं.

मध्यंतरात तोच डोअरकीपर कपाळ पुसत त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “पारा, पाव भाजायचेत का आत? लोक मला विचारतायत.”

पारा तडक मागच्या खोलीत गेला. इंजिनिअर बाई छोट्या पडद्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावर चार रेघा वर चढत गेल्या होत्या. पंचवीस. पंचवीस. पंचवीसच्या वर. रिकाम्या भागातही चोवीस.

डब्या खोटं बोलतायत, असं तो म्हणाला. तारा उलट्या जोडल्या असतील, भिंत तापली असेल, नवीन माल आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, एखादी डबी चुकते. चारही डब्या एकाच बाजूला, जवळपास सारख्याच चुकत नाहीत.”

पाऱ्याने ड्रॉवर उघडला. आत त्याचा जुना काचेचा थर्मामीटर होता. तो सभागृहाच्या खांबावर असायचा. रंगकामाच्या वेळी काढला तो काढलाच. गाल असताना काच कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. तो घेऊन पारा सभागृहात गेला आणि खांबापाशी पाच मिनिटं हात लांब धरून उभा राहिला, आपली ऊब त्याला लागू नये म्हणून.

काचेतला पारा पंचवीसवर होता.

परत आल्यावर त्याने आपली रोजची वही काढली. बाहेरचं तापमान, चाकाचे फेरे आणि गाल, असे तीन रकाने. मागच्या हिवाळ्यात बाहेर पाच अंश असताना चाक चार फेरे. यंदा तेवढ्याच थंडीत पाच, मग साडेपाच, आज सहा. गालाच्या रकान्यात मात्र दोन्ही वर्षी एकवीस. त्याने पान दोनदा वाचलं. बोटं गार पडली होती, पण ती तर हल्ली कायमच गार असायची.

“बॉयलर एवढं इंधन का खातो म्हणून मॅनेजर साहेब वर्षभर ओरडत होते,” तो म्हणाला. “म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आणि तो खात नव्हता हो. मीच भरवत होतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, त्याला घरीही अशीच थंडी वाजते का, थकवा येतो का. त्यांच्या आईला असंच व्हायचं, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली होती. एकदा रक्त तपासून घ्या, असं त्या म्हणाल्या. पाऱ्याने मान डोलावली. त्याच्या मनात रक्त नव्हतं, खेळ सुटल्यावर साहेब काय ठरवणार ते होतं.

“मध्यंतरापर्यंतचे आकडे...” बाई अडखळल्या. “डब्या नवीन आहेत. तापायला वेळ लागला असं लिहिता येईल मला.”

घंटा झाली. लोक खुर्च्यांवर परतत होते. पाऱ्याने वही मिटली.

“नको, मॅडम. आले तेच लिहा. काच पण तेच म्हणतेय.”

यंत्र सुरू झालं. झडपांच्या मोटरी कुरकुरल्या, शेवटचा रिकामा भाग बंद झाला, मधल्या भागांत ताजी हवा वाढली. मुख्य चाकाची मोटर मात्र अजून यायची होती, तोवर यंत्र सांगेल ते हातानेच करायचं होतं. पडद्यावर आकडा आला : चार फेरे.

पारा चाकापाशी गेला. त्याला हुडहुडी भरत होती. अंगाचा कण न् कण म्हणत होता, उघड. त्याने दोन फेरे बंद केले, आणि मग तिसराही.

“चार सांगितलेत, काका. तुम्ही तीनवर नेलं.”

“नळांत जुनं गरम पाणी आहे अजून. ते वीस मिनिटं तापत राहतं. आत्ता तीन, मग चार. नाहीतर तापमान आधी उतरणार नाही, यंत्र चाक आणखी बंद करायला लावेल आणि मग ते एकदम पडेल.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. विसाव्या मिनिटाला त्याने चाक चारवर आणलं. रेघा उतरत उतरत एकवीसवर आल्या आणि तिथेच आडव्या झाल्या. बाईंनी कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्याने विचारलं नाही.

तो सभागृहात गेला. खांबावरचा खिळा रंगाखाली गेला होता. नखाने खरवडून त्याने थर्मामीटर टांगला. कडेच्या म्हाताऱ्याने कोट खांद्यावर घेतला होता, बाह्या न घालता. एकवीस अंशांना लोक असाच घेतात. जाळीला गाल लावला तर तिथे हिवाळा होता.

दाराजवळच्या लाल दिव्याखाली त्याने वही उघडली. गालाच्या रकान्यात सतरा लिहिलं. शेजारी पट्टीशिवाय एक उभी रेघ ओढली, वर ‘काच’ असं लिहिलं आणि खाली एकवीस. मग स्वेटरचं गळ्यापाशी उघडं राहिलेलं एकच बटण लावून तो दारात उभा राहिला, लोक बाहेर यायची वाट बघत. त्यांच्यामागून मॅनेजर साहेब येणार होते.