दोघींपैकी कुणाचाच नसलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना कडीचा डबा आहे. स्टीलचा, एकाच खणाचा, झाकण जरा हट्टी, कुशीला एक पोचा. माझ्या तळाला ‘कांता, मोहर्ली’ असं नाव घातलेलं आहे. राहतो मात्र मी चिमूरला, धुरपताबाईंकडे आणि नूरीबाईंकडे. हे असं कसं, ते सावकाश सांगतो. आवाज चढवून बोलायची मला सवय नाही.

जन्माने मी पत्र्याचा एक गोल तुकडा. कारखान्यात यंत्राने एकदाच दाबलं आणि मला पोट आलं. ते कधी रिकामं राहू नये, एवढंच तेव्हापासून माझं देवाजवळ मागणं आहे. चंद्रपूरच्या भांड्यांच्या दुकानातून मला मोहर्लीच्या कांताबाईंनी घेतलं. दुकानदाराने टरटर वाजणाऱ्या सुईने माझ्या तळाला नाव घातलं. गुदगुल्या फार झाल्या, पण मी गप्प राहिलो. कांताबाई वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक करत. दिवसभर दुसऱ्यांना वाढायचं आणि दुपारी माझ्यातली भाकर खायची, असं आमचं चाललं होतं.

एकदा त्या नणंदेकडे निघाल्या. चिमूरच्या एस.टी.त तीन जणांच्या सीटवर खिडकीशी बसल्या, मला शेजारी ठेवलं, आणि नणंदेचं गाव आलं तशा घाईने उतरल्या. मी सीटवरच राहिलो. सीटवर आणखी दोघी होत्या. एक बाजारात भाजी विकणाऱ्या धुरपताबाई, दुसऱ्या त्यांच्याच बाजूला बांगड्यांचं दुकान मांडणाऱ्या नूरीबाई. दोघींची बाजारातली मैत्री जुनी. एकीला वाटलं, डबा दुसरीचा. दुसरीला वाटलं, पहिलीचा. चिमूर आल्यावर धुरपताबाईंचे हात पिशव्यांनी भरलेले पाहून नूरीबाईंनी मला उचललं, बोलता बोलता घरी नेलं आणि मग कपाळावर हात मारला. धुरपताचा डबा आपल्याकडेच राहिला.

परत तर द्यायला हवा. पण रिकामा डबा कोण कोणाला परत देतं? नूरीबाईंनी माझ्यात शेवया भरल्या आणि नवऱ्याकडे, म्हणजे सायकल दुरुस्त करणाऱ्या बाबूभाईंकडे, मला दिलं. बाबूभाईंनी मला सायकलच्या हँडलला अडकवलं. धुरपताबाईंना वाटलं, नूरीने डबा पाठवला. त्यांनी मला घासूनपुसून थालीपीठं भरून परत धाडलं. नूरीबाईंना वाटलं, धुरपताने पुन्हा डबा पाठवला.

तेव्हापासून मी जात-येत राहिलो आहे.

दुसऱ्याची वस्तू म्हणून माझे लाड तरी किती! नूरीबाईंनी मला मांसमच्छीच्या भांड्यांपासून दूर, वेगळ्या फळीवर जागा दिली. मी आजवर शाकाहारी आहे ते त्यांच्यामुळे. धुरपताबाई रोज तुळशीला पाणी घालतात, पोथीचा एक अध्याय वाचतात, मगच तोंडात घास घेतात. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी असे त्यांचे उपास वेगळे. इतक्या गडबडीतही मला त्या स्वतःच्या हाताने राखेने घासत, सुनेला, स्वातीला, हात लावू देत नसत. तळाच्या खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवून म्हणत, नूरीनं नाव घातलेलं दिसते. त्यांची नजर तेव्हाच धूसर होऊ लागली होती, आणि नूरीबाईंना फक्त उर्दू वाचता येतं. बाबूभाईंनी मला उलटं करून पाहण्याइतका रस कधी घेतला नाही.

पुढे धुरपताबाईंची नजर फारच गेली. पोथी समोर उघडी ठेवून त्या पाठ असलेला एकच अध्याय रोज म्हणू लागल्या. देव ऐकून घेत होता. पण बाईंच्या मनाला ते लागलं होतं. पोथी अर्ध्यावर अडली होती आणि पूर्ण करायचा संकल्प होता. दवाखान्यात सांगितलं, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करू. पण साखर फार वाढली आहे, ती उतरल्याशिवाय नाही.

बाईंनी स्वातीला शपथ घातली, नूरीला सांगायचं नाही. कळलं तर ती शेवया पाठवणं बंद करेल. शेवयांचं काही नाही हो, पण मग डबा येणार कसा?

तिकडे नूरीबाईंचं बीपी वाढलं होतं. मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनीही धुरपताबाईंना सांगितलं नाही, कारण तेच.

मग जे झालं ते बघून माझं झाकण घट्ट बसेना. नूरीबाईंच्या घरातलं मीठ गेलं आणि गोड तेवढं उरलं. धुरपताबाईंच्या घरातली साखर गेली आणि लोणचं, पापड, लसणाची चटणी उरली. ज्या घरात जे शिजे ते माझ्यात भरलं जाई. साखर चालत नाही तिच्याकडे गुळाचा भात पोचे, मीठ चालत नाही तिच्याकडे आंब्याचं लोणचं. धुरपताबाई प्रसाद समजून एक घास घेत, मग दुसरा. नूरीबाई एवढीशीच म्हणून फोड उचलत आणि बोटं चाटत. मी मधे बसून दोघींना आजारी पाडत होतो आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

एका सकाळी धुरपताबाई साखर तपासायला दवाखान्यात गेल्या. येताना नूरीला देऊ म्हणून मला लोणच्यासकट पिशवीत घेतलं. बाकावर बसल्या, तर शेजारी नूरीबाई.

“तू इथी काऊन?” धुरपताबाई म्हणाल्या.

“नवऱ्याचा गुडघा दाखवाले आली. अन् तू?”

“स्वातीले सोबत.”

बाबूभाई दुकानात होते आणि स्वाती शेतावर. दोघीही समोरच्या भिंतीवरचं लसीचं चित्र निरखू लागल्या. एवढ्यात प्रिया सिस्टर दारात आल्या आणि त्यांनी साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं पुकारलं, नूरीबाई बीपीवाल्या, धुरपताबाई शुगरवाल्या, आत या.

आत साखर मोजली. ती उतरायची सोडून चढली होती. बीपीचंही तेच. सिस्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली. धुरपताबाई म्हणाल्या, प्रसाद खाते. नूरीबाई म्हणाल्या, काहीच खात नाही. सिस्टरांनी पिशवीतून डोकावणारं माझं झाकण उघडलं आणि साऱ्या खोलीत लोणच्याचा वास पसरला. डबा कुणाचा, म्हणून त्यांनी विचारलं. दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडे बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर नूरीबाई हळू आवाजात बोलल्या, पण त्या आवाजाने माझी कडी थरथरली. “म्हंजे मी तुले गोड चारून चारून आंधळी करून राह्यली होती, अन् तू मुकाट खाऊन राह्यली होती?”

“अन् तू माया लोनच्यावर ताव मारून राह्यली होती, त्याचं काय व?”

“मंग फेकून देऊ का? तुया हातचं होतं ना ते.”

 नूरीबाईंनी मला हिसकून घेतलं आणि एकट्याच निघून गेल्या.

मित्रांनो, पुढचे दिवस मी फळीवर रिकामा बसलो. लोणचं बाबूभाईंनी संपवलं, पण मला भरायला कुणी धजेना. नूरीबाई मला उतरवत, आत बघत, पुन्हा वर ठेवत. गोड भरावं तर मैत्रीण आंधळी होते. रिकामं पाठवावं तर मैत्री संपली असाच अर्थ निघतो. मला स्वतःच्या रिकामेपणाची कधी नव्हे ती भीती वाटली.

शेवटी एका दुपारी माझ्यात काहीतरी हिरवं, कडू, वाफाळतं पडलं. कारलं. गुळाचा खडासुद्धा नाही. बाबूभाईंनी मला धुरपताबाईंच्या ओट्यावर ठेवलं आणि हात जोडले. “धुरपताबाई, संपवा हे. माया घरीबी आज हेच आहे. तुमची साखर उतरन तवाच मी सुटन.”

धुरपताबाईंनी डोळे मिटून, देवाचं नाव घेत खाल्लं. नूरीच्या हातचं होतं, टाकणार कसं? दुसऱ्या दिवशी मी परत गेलो तो अळणी दुधीभोपळा घेऊन. तो नूरीबाईंनी बाबूभाईंकडे रागाने बघत संपवला, जसं काही मीठ त्यांनीच लपवलं होतं. मग मेथी आली, अळणी डाळ गेली. एवढं बेचव अन्न इतक्या निष्ठेने खाल्लेलं मी कुठे पाहिलं नाही.

त्यात नूरीबाईंनी एक युक्ती केली. डॉक्टरांचं धुरपताबाई ऐकत नाहीत, पण व्रत मोडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, नजर परत येईतो गोड सोडायचं व्रत घे, मी लोणचं सोडते. धुरपताबाईंनी तुळशीसमोर पाणी सोडलं. उपासाला काय आणि कसं खायचं ते डॉक्टरांना विचारायला नूरीबाई स्वतः त्यांना घेऊन गेल्या, आणि त्या दिवसापासून साबुदाणा घराबाहेर झाला. संध्याकाळी दोघी चालायला निघत. बाजारापर्यंत जायचं आणि यायचं. जाताना धुरपताबाई खड्डा सांग म्हणून नूरीबाईंचा हात धरत, येताना नूरीबाई दम लागला म्हणून धुरपताबाईंचा.

साखर उतरली. बीपी उतरलं. ऑपरेशन झालं. डोळ्यांवरची पट्टी निघाली, डॉक्टरांनी वाचायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा धुरपताबाईंनी आंघोळ करून अडलेल्या जागेपासून पोथी उघडली आणि नवा अध्याय वाचला. शब्द ना शब्द. नूरीबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. मधेच नाक पुसत होत्या आणि सर्दी झाली म्हणत होत्या.

अध्याय झाला आणि बाईंनी मला घासायला घेतलं. तळ पुसला, उन्हाकडे धरला आणि थांबल्या.

“नूरी, हा डबा कोनाचा होय?”

“तुया. अजून कोनाचा?”

“मले तं वाटे तुया होय. यावर कांता लिहिलं आहे. मोहर्लीची कांता.”

दोघींनी मला आळीपाळीने उलटंसुलटं करून पाहिलं. मला फार संकोच झाला. नूरीबाई हसू लागल्या, पण धुरपताबाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवणं त्यांच्या नेमात बसत नव्हतं. ती परत द्यावी तर आमच्या दोन घरांमधला रस्ताच गेला. नूरीबाई म्हणाल्या, कांताले काय कळते? धुरपताबाई म्हणाल्या, देवाले कळते. मग नूरीबाईंनीही पिशवी काढली.

दोघी एस.टी. बदलत मोहर्लीला गेल्या. मला अर्थातच भरून नेलं. एकीने वरचा थर केला, एकीने खालचा. विचारत विचारत कांताबाईंचं घर सापडलं. कांताबाईंनी मला हातात घेतलं, उलटं केलं आणि तळावरचं आपलं नाव वाचलं.

“बाई व, मी तं माया नणंदेवर आळ घेतला होता. तवापासून तिचं माहं बोलनं नाई.”

नणंदेचं नाव साधना. एवढी वर्षं एका डब्यापायी दोघींची दिवाळी वेगळी झाली होती. कांताबाईंनी डोळे पुसले, मला रिकामं केलं, धुतलं. धुरपताबाई आणि नूरीबाई निरोप घ्यायला उठल्या. माझ्याकडे बघायचं त्या टाळत होत्या.

“थांबा,” कांताबाई म्हणाल्या. “भरून आनला अन् मी रिकामा ठेवून घेऊ? काय चालते तुमाले, ते सांगा. साखर?”

“नाई,” धुरपताबाई म्हणाल्या.

“मीठ?”

“नाई,” नूरीबाई म्हणाल्या.

“मंग भरू तरी काय, माय?”

पहिल्यांदाच कुणी भरण्याआधी विचारलं होतं. तिघी हसू लागल्या. कांताबाईंनी रानातली चारोळी भरली आणि सांगितलं, आधी हा डबा साधनाकडे जाईल, तिच्याजवळ मी माफी मागीन, मग चिमूरला येईल.

आणि साधनाबाई मला रिकामं धाडतील, असं तुम्हाला वाटतं का? आता माझी चार घरं झाली आहेत. बाबूभाई म्हणतात, सायकल पुरत नाही, मला एस.टी.चा पास काढून द्या.

मित्रांनो, सांगायचं एवढंच. मला कुणी स्वतःचं समजून सांभाळलं नाही. मैत्रिणीचा डबा आहे म्हणून सांभाळलं, आणि म्हणून मी अजून लख्ख आहे. तुम्हाला तुमचं शरीर नीट जपवत नसेल, तर ते मैत्रिणीचं आहे, तुमच्याकडे राहून गेलं आहे, असं समजा आणि जपा. डबा भरताना आधी विचारून घ्या. आणि परत देताना काहीतरी घाला, कारलं का असेना.

माझ्या कुशीचा पोचा मात्र बाबूभाईंच्या सायकलचा आहे. ते अजून कबूल करत नाहीत.