सहा फूट तीन इंच

अपेनिसाला उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाने गाठलं आणि चार दिवसांत त्याची फुप्फुसं भिजलेल्या स्पंजासारखी जड झाली. आमच्या बेटावरच्या सुवा शहरातल्या अतिदक्षता विभागात तो व्हेंटिलेटरवर होता आणि मशीन सारखं कोकलत होतं. दाब छत्तीस. तिसाच्या वर गेला की श्वास देणारं मशीनच फुप्फुसांना इजा करायला लागतं, हे इथे झाडूवालीलाही ठाऊक आहे.

"श्वास आधीच लहान ठेवलाय, सिस्टर," डॉ. शालेंद्र म्हणाले. "गडी एकशेवीस किलोचा असला तरी फुप्फुसं काही वजनाने वाढत नाहीत. उंचीवरून हिशेब केलाय. सहा फूट तीन इंच, म्हणजे पाचशे दहा मिली. आता आणखी काय करू?"

सहा फूट तीन! मी बेडकडे पाहिलं. त्याचे पाय कडेपासून चांगले दोन वीत आत होते.

"मोजलं कोणी?"

कोणीच नाही. तो गावप्रमुखाच्या घराण्यातला, आणि अशा माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही ही आमची रीत. भरती करणाऱ्या नर्सने टेप खिशातच ठेवली आणि बायकोने सांगितलं ते लिहिलं. मला राग आला, पण तिच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. फरक एवढाच, की त्याचं आणि माझं गाव टिंगलीच्या नात्यातलं. दोन्ही गावांचा मूळपुरुष एक, म्हणून आम्ही एकमेकांना काहीही बोललेलं चालतं.

त्याची बायको लिटिया बाहेर बाकावर बसली होती.

"वहिनी, खरी उंची सांग."

"सहा तीन. रग्बी क्लबच्या पुस्तकात छापलंय की!"

"तुमच्या गावात सहा तीन फक्त नारळाचं रोप असतं."

ती हसली नाही. "वीस वर्षं हा आकडा मिरवतायत ते. आता असे निपचित पडलेले असताना मी त्यांना बुटके म्हणू?"

"तू नको म्हणू. मी म्हणते. माझा हक्कच आहे तो."

"तुलोऊ," अशी माफी मागून मी त्याच्या डोक्याशी टेप धरली. लिटियाने दुसरं टोक टाचेशी नेलं. पाच फूट नऊ.

डॉक्टरांनी श्वास सव्वाचारशेवर आणला, गती वाढवली. दाब एकतीस झाला. मग पाठीकडची फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून सहाजणांनी मिळून त्याला पालथं घातलं. संध्याकाळी आकडा अठ्ठावीसवर आला आणि मशीन गप्प झालं. लिटिया भिंतीकडे तोंड करून रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

अकराव्या दिवशी त्याची नळी निघाली. नजर फिरत फिरत पायथ्याशी लावलेल्या पाटीवर गेली.

"पाच नऊ? हे कोणी सांगितलं?" आवाज पार घोगरा.

मी पुढे सरसावले, तर लिटियाने मला हाताने मागे सारलं.

"मी. टेपचं टोक मीच धरलं होतं."

त्याने पाटी पुन्हा एकदा वाचली. "आणि गावात?"

"गावात सहा तीनच," ती म्हणाली. "तुम्ही आपल्या पायांनी घरी चला म्हणजे झालं."