हात लावू नको

सानगडीच्या तळ्यात आमच्या मच्छीमार संस्थेचं वर्षाचं सगळं बोटुकलं, बोटाएवढी मासोळीची पिल्लं, सोडलं होतं. तीन दिवसांपासून आभाळ भरून, वाऱ्याचा पत्ता नाही. अशा वक्ती पाण्यातली हवा कमी होते अन् मासोळी वर येऊन तोंड उघडते. पाण्यात हवा घालणारी मोटार मी बनवलेल्या इन्व्हर्टरवर चालते, अन् तो सकाळपासून तीनदा बंद पडला होता. राखणीवरच्या सखाबाईचा, माह्या मोठ्या मायचा फोन आला तशी मी साकोलीच्या दुकानातून गाडी पळवत आली.

इन्व्हर्टरच्या टिनाच्या पेटीचं दार उघडलं, बॅटरी पाहिली. भरलेली. चालू केलं तर मोटार मस्त फिरे. दार लावून हात धुवाले वळली, का बंद! मोठी माय दाराबद्दल काही बोलत होती, मी अर्ध्यातच तोडलं. बुधवारी इन्व्हर्टर बसवतानाच तिले दटावलं होतं, यातल्या कशाले हात लावू नको म्हणून. नक्की हिनंच काही छेडलं असन, असं मनात धरून मी तणतणत राहिली.

आत हॉल सेन्सर असते. बोटभर काळा डबा, मधात भोक. मोटारीची तार त्या भोकातून जाते, अन् तारेभोवतीच्या चुंबकी ओढीवरून तो करंट मोजते. करंट जास्त दिसला का इन्व्हर्टर सोताच बंद होते. सेन्सरच खराब म्हणून मी नवा टाकला. चाललं. दार लावलं. पुन्हा बंद. काठाले मेलेल्या मासोळीची पांढरी पोटं दिसाले लागली.

मोठी माय कंबरभर पाण्यात उतरून घमेल्यानं पाणी उडवत होती, तेवढीच हवा. दमून बाहेर आली अन् हळूच बोलली.

"रंजू, दार लावलं का तवाच बंद पडते. आतून तू ते चुंबक लावलं ना, तवापासून."

जुन्या स्पीकरचं चुंबक. स्क्रू हरवू नये म्हणून मीच काल संध्याकाळी, मोटार बंद असताना, दाराले आतून चिकटवलं होतं. दार लागलं का ते नेमकं सेन्सरसमोर येई, अन् सेन्सर त्याची ओढ मोटारीचा करंट म्हणून मोजे.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगत होती. तू म्हणली, तुले यातलं काय समजते."

तिनं ओला हात पदराले पुसला, दारापाशी नेला अन् थांबली.

"आता लावू का हात?"

मी दारापासून बाजूले सरली. तिनं स्क्रूसकट चुंबक उपटलं, दार लावलं. मोटार फिरत राहिली. बाकीचं बोटुकलं खाली गेलं. मेलेलं मी सोता वेचलं, घमेलंभर निघालं.