दीर्घिकेतला डाग

नेडीनच्या पत्राला एव्हरेटने उत्तर दिलंच नव्हतं. वसंतात आलेलं ते पत्र त्याने फळीवरच्या जाडजूड शब्दकोशामागे सरकवून दिलं होतं. तरी कॉफी उकळताना, दाढी करताना ते आठवायचंच.

नेडीन त्यांच्या आकाशनिरीक्षण मंडळातली जुनी सोबतीण. सप्तर्षींजवळच्या भोवऱ्यासारख्या दीर्घिकेचा फोटो त्याने तिला पाठवला होता आणि मधोमध पडलेला काळपट डाग कसा घालवावा, असं विचारलं होतं. तिने लिहिलं, 'मला डाग कुठेच दिसत नाही. एकदा डोळे दाखवून घे.'

बिचारी आपलं मन राखते आहे, असं एव्हरेटला वाटलं. स्वतःच्या फोटोंविषयी त्याचं मत कधीच बरं नव्हतं. डाग धुळीचाच असणार, आणि न्यू मेक्सिकोच्या या माळावर धुळीला काय तोटा! त्याने कॅमेरा पुसला, दुर्बिणीचा आरसा धुतला. डाग होता तिथेच. मग त्याने दीर्घिका मुद्दाम चौकटीच्या कोपऱ्यात धरून फोटो घेतला. कॅमेऱ्यात धूळ असती, तर डाग मध्येच राहिला असता. तो दीर्घिकेच्या मागोमाग कोपऱ्यात गेला.

म्हणजे तिथेच काही विझत चाललं होतं की काय? खात्री करायला तो भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या फोटोसमोर उभा राहिला. तेव्हा तर तो स्वच्छ आला होता.

आता त्यातही डाग होता.

त्यानंतर तो पत्राला उत्तर द्यायचं टाळतच राहिला. उत्तर लिहायचं म्हणजे हे लिहावं लागणार होतं. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. जे काही होतं ते उजव्यावर. उन्हाळाभर तो कॅमेरा पुसत राहिला.

एका सकाळी शेजारच्या कुरणाचा मालक रूडी बाका अंडी घेऊन आला.

"काय म्हाताऱ्या, अजून धूळच पुसतोयस? कातडी निघेल की त्या कॅमेऱ्याची!"

"रूडी, इकडे ये. या चित्रात मधे काळं दिसतं का रे तुला?"

"मधे? मधेच तर लख्ख आहे. काळ्या तव्यात अंडं फोडल्यासारखं. का रे, तुला नाही दिसत?"

एव्हरेट वळला. रूडीची टोपी दिसली, कान दिसले, शर्टाची बटणं दिसली. चेहऱ्याच्या जागी राखेचा गोळा होता. त्याने नजर जराशी टोपीच्या काठाकडे सरकवली, तसा चेहरा परत आला.

"माझ्याकडे बघ ना! टोपीशी काय बोलतोस?"

अंधुक तारा पाहायचा तर त्याच्या किंचित बाजूला पाहावं, हे दुर्बिणीशी बसणारा प्रत्येक जण शिकतो. त्याला तर ती सवय हाडीमासी खिळली होती. असंच बाजूला पाहत तो वाचत होता, गाडी हाकत होता, आणि मधलं कधी गेलं ते त्याला कळलंच नव्हतं.

"गाडीत बस," रूडी हळू आवाजात म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"आज? उद्या गेलो तर—"

"तुझं उद्या मी ओळखून आहे. बस म्हणतो ना!"

एव्हरेटने शब्दकोशामागचं पत्र काढलं, कोरा कागद आणि पाकीट घेतलं. गाडी निघाली, तशी रस्त्याची सरळ पिवळी रेघ समोर मधेच खचून वाकडी होऊ लागली. त्याने मान खाली घातली आणि मांडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'नेडीन, तू खरं तेच सांगत होतीस. डाग जुन्या फोटोतही आहे. डॉक्टरकडे निघालोय. तुझ्या दुर्बिणीतून ती दीर्घिका कशी दिसते, ते सगळं लिहून पाठव. रूडी वाचून दाखवेल.'

गावात शिरताच त्याने टपालाच्या निळ्या पेटीपाशी गाडी थांबवायला लावली.

"आण, मी टाकतो."

"नको, मीच."

पेटीच्या तोंडाकडे पाहिलं, तर तोंड नाहीसं झालं. त्याने नजर जराशी बाजूला नेली, बोटांनी कड चाचपली आणि पाकीट आत सोडलं.