ओस्मारिनाला ऐकू न गेलेला ठेका

मित्रांनो, मला वाजवायचं तर घोड्यावर बसतात तसं माझ्या पाठीवर बसावं लागतं. मी एक जुना कुरिंबो आहे, म्हणजे पोकळ ओंडक्याचा ढोल. ब्राझीलच्या पारा प्रांतात, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात मी जन्मलो. वाल्देनोर नावाच्या कोळ्याने विस्तवाने आणि छिन्नीने माझं पोट कोरलं, तोंडावर हरणाचं कातडं ताणलं. दमट हवेने कातडं सैल पडलं की तो मला शेकोटीपाशी ठेवी आणि मी पुन्हा खणखणीत बोलू लागे.

आमचा नाच कारिम्बो. बायका अनवाणी, घेरदार परकर फिरवीत नाचायच्या. पुरुष भोवती घिरट्या घालायचे, पण कुणी कुणाला शिवायचं नाही.

मग रेडिओवर समुद्रापलीकडच्या बेटांची गाणी लागू लागली. तरुण पोरांनी ती गिटारवर घेतली, आमच्या ठेक्यात मिसळली आणि एक नवा नाच तयार झाला. वाल्देनोरची मुलगी ओस्मारिना त्यात सर्वांत पुढे. ती आणि तिचा नाचातला जोडीदार एडिनाल्दो एकमेकांना बिलगून, मांडीला मांडी लावून नाचत. तिच्या कमरेतून उठलेली लाट थेट केसांच्या टोकापर्यंत जाई.

वाल्देनोर भडकला. "हा काय नाच आहे? नुसते चाबकाचे फटके!"

"बरोबर ओळखलंत, बाबा! म्हणून तर लांबादा म्हणतात." आमच्याकडे लांबादा म्हणजे फटकाच. "चाबूक हवेत कसा वळतो? तसंच अंग वळवायचं. वाजवा ना!"

"माझ्या ढोलावर हे थेर चालायचे नाहीत. शेजारणींना तोंड दाखवायचंय मला."

"शेजारणीच तर शिकायला येतात माझ्याकडे!"

सगळे खो खो हसले. वाल्देनोर हसला नाही आणि त्याने तो ठेका धरलाही नाही. माझं कातडं त्यासाठी आसुसलं होतं. पण ढोलाला स्वतःहून कुठे वाजता येतं?

पुढच्या वर्षी जाळं ओढताना वाल्देनोर होडीतच कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. ओस्मारिना त्याला भरवी, न्हाऊ घाली. तो तिच्याकडे एकटक बघत राही आणि ती नजर चुकवी. "राग गेला नाही अजून," ती शेजारच्या इवानिल्देमावशीला म्हणे.

तोवर लांबादाचं वेड जगभर पसरलं होतं. परदेशातल्या एका नाचाच्या संचाने तिला आणि एडिनाल्दोला बोलावलं.

"जा बये," मावशी म्हणाली, "मी बघते त्यांना."

निघायच्या दिवशी भर दुपारी धक्क्यावर सारा गाव जमला. मोठमोठ्या कर्ण्यांवर गाणी दणाणत होती. वाल्देनोरने डाव्या हाताने खुणा करकरून मलाही तिथे आणायला लावलं. माझ्यावर बसणं आता त्याला जमत नव्हतं, म्हणून त्याची खुर्ची माझ्याशेजारी ठेवली. त्याच डाव्या हाताने त्याने माझ्यावर थाप मारली. पहिल्या थापा चुकल्या. मग हात बसला आणि मी चकित झालो. तो लांबादा वाजवत होता! जा पोरी, नाच, असं तो सांगत होता. मी होता नव्हता तेवढा जोर लावून घुमलो.

पण कर्ण्यांपुढे माझं काय चालणार? ओस्मारिनाला फक्त आपटणारा हात दिसला.

"बघितलंस मावशी? किती चिडलेत!" तिचे डोळे भरले. तिने बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि ती पळतच होडीत चढली. होडी खारफुटीआड दिसेनाशी झाली तरी तो वाजवतच होता.

त्या पावसाळ्यात तो गेला. मला मावशीच्या पडवीत टाकलं. कातडं तडकलं, माझ्यावर केळीचे घड रचले गेले, पोटात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

नऊ वर्षांनी ओस्मारिना आली. जगाचं वेड केव्हाच ओसरलं होतं. ती माझ्यापाशी बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, बाबा शेवटपर्यंत रागावलेलेच होते का गं?"

"त्यांना बोलता कुठे येत होतं, बये? मला काय ठाऊक?"

मला ठाऊक होतं! ओस्मारिनाने फाटक्या कातड्यावर हात ठेवला, पण मला हुंकारसुद्धा देता आला नाही.

मित्रांनो, घरात एखादं जुनं वाद्य असेल तर त्याचं कातडं फाटू देऊ नका. आणि एखाद्या माणसाचे नुसतेच हात हलताना दिसले, तर आधी कर्णा बंद करा. तो काय म्हणतोय, ते तो असेपर्यंतच ऐकता येतं.