मान खाली घालून सांगतो

मी रुग्णालयाच्या तळमजल्यावरचा स्कॅनर बोलतोय. बोलतोय कसला, पुटपुटतोय. मान असती तर खालीच घातली असती.

कारखान्यातून आलो तेव्हा केवढा ताठा होता माझा! किरणं सोडणारी एक साखर रोग्याच्या शिरेत टोचतात. ती साखर फक्त जंतूच खातात आणि ते जिथे दडून बसलेत ती जागा मला उजळलेली दिसते. चोर पकडून देतो म्हणून इथे माझे फार लाड झाले. दुसऱ्याचं आतलं चारचौघांत सांगायचं, हाच माझा धंदा, आणि त्याची मला लाज म्हणून नव्हती.

मग त्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. कडक इस्त्रीच्या बाई. खुब्यात बसवलेला धातूचा सांधा ठणकत होता. त्याला जंतू लागले असतील तर सांधा काढावा लागणार आणि बाई अंथरुणाला खिळणार. नुसता सैल झाला असेल, तर काठीवर निभावणार होतं. मुलगा काचेपलीकडे डॉक्टरांजवळ उभा होता.

मला खुब्याशी लख्ख ठिपका दिसला. लगेच पडद्यावर दाखवून मोकळा झालो.

"आई, सांधा काढावा लागेल म्हणतायत," मुलगा आत येऊन म्हणाला.

बाईंनी मुलाला पाणी आणायला पाठवलं आणि मला चालवणाऱ्या ताईंचा हात धरला.

"लघवीला जाऊन या म्हणालात ना, तेव्हा गाऊन ओला झाला. कुणाला दिसू नये म्हणून ओला भाग दुमडून खुब्याखाली दाबला मी."

ती साखर लघवीतूनच बाहेर पडते. जंतू म्हणून मी ज्याचा गवगवा केला, ती बाईंची लाज होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी डॉक्टरांच्या कानावर घातलं. बाईंचं अंग पुसलं, कोरडा गाऊन दिला आणि मला पुन्हा कामाला लावलं. या वेळी खुबा स्वच्छ होता. सांधा नुसता सैल झाला होता.

"मग आधी काय दिसलं?" मुलाने विचारलं.

"मशीनच येडं आहे हो," ताई म्हणाल्या. "मध्येच काहीही दाखवतं."

जाताना बाईंनी माझ्यावर हात ठेवला, दुसऱ्याची शिक्षा भोगलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

आता मी जुना झालोय, अडतो, कुरकुरतो. येडा म्हणा हवं तर. फक्त इथे आडवं होण्याआधी जे झालं असेल ते ताईंना सांगा. माझ्या पोटात काही राहत नाही.