ताईची भरलेली बाटली

साहेब, ते कुलूप तुम्ही लावलंत. शिपायाच्या हातानं लावलंत, मोठ्या सरांच्या तोंडानं लावलंत, पण लावलंत तुम्हीच. आता मान हलवून उपयोग नाही.

शाळेच्या मागच्या अंगाला मुलींचा संडास बांधून झाला, त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. पाटीवर 'स्वच्छतागृह' असं झोकात लिहिलंय, पण मुली संडासच म्हणतात. पांढऱ्या फरश्या, नळाला पाणी, दाराला आतून कडी, भिंतीवर आरसासुद्धा. राहिली होती फक्त तुमची कात्री. तुम्ही येऊन फीत कापल्याशिवाय दार उघडायचं नाही असा वरून निरोप होता आणि तुम्हाला सवड नव्हती. एकदा बैठक, एकदा दौरा, एकदा म्हणे घसा बसला. तोवर लाल फीत उन्हानं गुलाबी झाली, गुलाबीची पांढरी झाली, आणि शिपाईमामांनी नवी आणून बांधली. फितीची काळजी घ्यायला त्या शाळेत माणूस होता. पोरींची घ्यायला नव्हता.

पोरी काय करायच्या, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगावं लागतंय. लहान पोरी शेजारच्या लाकडाच्या वखारीमागे जायच्या. तिथला राखणदार नेमका त्याच वेळी ओरडायचा, "कोण आहे रे तिकडे? दगड मारीन." पोरी अर्ध्यातून पळायच्या. मोठ्या पोरी जायच्याच नाहीत. त्यांनी सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही.

चिमटा पाचवीत होती. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलेलं. तिची ताई आठवीत. आई शिलाईच्या कारखान्यात. सकाळी ती दोघींच्या बाटल्या भरून द्यायची आणि संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आधी बाटल्या उचलून बघायची. ताईची बाटली रिकामी दिसायला हवी, म्हणून शाळा सुटताना ताई ती फाटकाजवळच्या जास्वंदीला ओतायची. सगळ्याच मोठ्या पोरी ओतायच्या. जास्वंद अशी काही माजली की त्या वर्षी शाळेला सुंदर बागेचं बक्षीस मिळालं. ढाल तुमच्याच हातून दिली गेली, साहेब. तेव्हा तुम्हाला सवड होती. पोरींच्या तहानेवर फुललेल्या बागेची ढाल मोठ्या सरांच्या कपाटात अजून चमकते आहे.

मग ताईला दुसऱ्यांदा ताप भरला. लघवीला आग, ओटीपोट धरून बसलेली. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं आणि जास्वंदीचं बिंग फुटलं.

आई ओरडली नाही. ती ओरडली नाही की पोरींना जास्त भीती वाटते. रात्रीची भांडी घासता घासता म्हणाली, "आणखी एकदा ताप आला की शाळा बंद. माझ्या शेजारच्या मशीनवर जागा होतेय. तिथे संडास आहे आणि त्याला कुलूप नाही."

"आई, मला शिकायचंय गं."

"मग शीक की. पाणी पिऊन शीक."

ताई घासलेली भांडी पुसू लागली. चिमटा मात्र अशा वेळी स्वस्थ बसत नाही, काहीतरी खटपट करते.

अखेर तुमची तारीख ठरली. मोठ्या सरांनी शाळा धुऊन काढली. वर्गातले मोडके बाक तुम्हाला दिसायला नकोत, म्हणून ते शाळेतल्या एकमेव चालू, फक्त शिक्षकांसाठीच्या जुन्या संडासात छतापर्यंत कोंबले. कार्यक्रमात एक भाषण ठेवलं, 'मुलांचे हक्क आणि चांगल्या नागरिकाची कर्तव्ये'. आवाज खणखणीत म्हणून ते चिमटाला दिलं. भाषण सरांनीच लिहिलेलं. हक्क चार ओळी, कर्तव्यं दोन पानं.

"सर, हक्क एवढेसेच का?"

"हक्क मिळालेलेच असतात. कर्तव्यं शिकवावी लागतात."

"कुठे मिळालेत?"

"पाठ कर."

सरांना नाटकाची भारी हौस. फीत कापून झाल्यावर एका बालिकेनं तुम्हाला किल्ली द्यावी, फोटो झकास येईल, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून आठवडाभर आधीच प्रार्थनेच्या वेळी त्यांनी लाल दोऱ्यात ओवलेली किल्ली चिमटाच्या गळ्यात घातली. "आजपासून तू या मालमत्तेची राखणदार," म्हणाले. टाळ्या झाल्या. लगेच सरांनी हात पुढे केला. "दे बघू किल्ली."

चिमटानं दिली.

"नापास," सर किल्ली परत तिच्या गळ्यात घालत म्हणाले. सगळी शाळा खदखदून हसली. "मी मागितली तरी द्यायची नाही. खुद्द साहेबांनी मागितली तरी द्यायची नाही. आधी फीत, मग किल्ली. नियम म्हणजे नियम. समजलं?"

"समजलं सर," चिमटा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. पण सरांनी तिला त्या दिवशी काय देऊन टाकलं, ते सरांना कळलं नाही. तिला मात्र संध्याकाळपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मोठ्या पोरींना गाठलं आणि कानात काहीतरी सांगितलं. ताई म्हणाली, "तुला वेड लागलंय." पण नको म्हणाली नाही.

तुम्ही आलात ते उशिरा आणि उन्हातून. रस्ता लांबचा, गाडीत बसून अंग आंबलेलं. पाहुण्यांना पाणी द्यायचं काम चिमटानं स्वतःहून मागून घेतलं होतं. आधी तिनं पाणी दिलं. मग लिंबाचं सरबत. मग चहा. पेला खाली ठेवलात की भरलेला दुसरा हजर.

"अगं, पुरे."

"घ्या ना साहेब, केवढं ऊन आहे. पाहुण्यांना पाणी विचारणं हे आमचं कर्तव्य आहे. दुसऱ्या पानावर लिहिलंय."

तुम्ही हसलात. तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि प्यायलात. याला कारस्थान म्हणायचं तर खुशाल म्हणा. घोट तुमचेच होते.

मोठ्या सरांचं प्रास्ताविक सुरू झालं. सरांच्या प्रास्ताविकात इमारतीच्या पायापासून सगळं येतं. तुम्ही पायावर पाय टाकलात. मग पाय बदललात. मग खुर्चीच्या कडेला सरकलात. सर बसल्यावर तुम्ही त्यांच्या कानाशी लागलात. सरांचा चेहरा पडला, कारण त्यांना मोडके बाक आठवले. त्यांनी शिपाईमामांना खूण केली. तोवर चिमटा माइकसमोर उभी राहून हक्कांच्या चार ओळी संपवत होती. शिपाईमामा वाकून कुजबुजले, "किल्ली दे, चटकन."

चिमटानं माइकमध्येच विचारलं, "मामा, किल्ली कुणाला हवीय?"

प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"साहेबांना. जरा अडचण आहे."

"काय अडचण आहे?"

मामांनी कपाळ पुसलं. मोठे सर उठून दात आवळत म्हणाले, "पोरी, दे ती इकडे."

"नाही सर. तुम्ही मागितली तरी द्यायची नाही. तेव्हा मी नापास झाले होते, आता पास व्हायचंय." मग ती तुमच्याकडे वळली. आवाज अगदी भाषणातलाच. "साहेब, आधी फीत. आणि फीत कापली की दार सगळ्यांसाठी उघडलं. मग रांग लागणार. रांग मोडू नये, हे पहिल्याच पानावर आहे. शिवाय हा मुलींचा आहे."

"चालेल," तुम्ही म्हणालात. तुमच्या साऱ्या भाषणांपेक्षा तो एक शब्द मनापासून आला होता.

ज्या कात्रीला वर्षभर सवड नव्हती, ती एका झटक्यात चालली. फोटोवाल्याला फोटोही मिळाला नाही. तुम्ही मागे वळलात तर दारापासून जास्वंदीपर्यंत पोरींची रांग. पहिली ताई. सकाळपासून दाबून धरलेल्या मोठ्या पोरी तिच्यामागे. कुणी ढकलाढकल केली नाही, कुणी दात काढले नाहीत. एवढे शहाणे नागरिक तुम्ही तुमच्या कचेरीतही पाहिले नसतील.

चिमटानं कुलूप काढलं. ताई आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. तुम्ही रांगेच्या शेपटाला उभे राहिलात, एकदा पुढे बघितलंत, एकदा घड्याळाकडे, आणि मग रुमाल नाकाशी धरून जे तरातरा निघालात ते थेट वखारीमागे.

"कोण आहे रे तिकडे?" पलीकडून आवाज आला. "दगड मारीन."

साहेब, पोरी तेव्हा हसल्या, हे खरं आहे. पण त्यांतल्या निम्म्या पोरींना तो आवाज ऐकून अजूनही पळावंसं वाटलं, हेही खरं आहे.

ताई बाहेर आली. भिंतीला टेकून बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर, भर दुपारी, गटागट प्यायली. अर्धी बाटली संपली तेव्हा थांबली. चिमटानं तिला इतकं पाणी पिताना शाळेत कधी पाहिलं नव्हतं. तिला उगाच रडू आलं, ते तिनं नाक ओढून मिटवलं.

कार्यक्रम कसाबसा आटोपला. तुम्ही गाडीत बसलात. तेवढ्यात मोठे सर चिमटाजवळ येऊन हसत म्हणाले, "झालं उद्घाटन. आण किल्ली आता."

"का, सर?"

"कुलूप लावायचंय. रोज उघडं ठेवलं तर फरश्या घाण होतील. झाडायला माणूस अजून मंजूर नाही. पुढची तपासणी येईपर्यंत नीट राहायला हवं."

चिमटानं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. मग ताईच्या हातातून बाटली घेऊन धावली. गाडी सुरू झाली होती. तिनं काचेवर टकटक केलं. तुम्ही काच खाली केलीत, बोटभर.

"साहेब, सर किल्ली मागतायत. कुलूप लावायचंय म्हणतात. म्हणजे कोण म्हणतंय, तुम्ही का ते?"

"ते आम्ही बघू," तुम्ही म्हणालात.

तिनं अर्धी बाटली काचेसमोर धरली. "हे उरलेलं पाणी ताईनं उद्या शाळेत प्यायचं की जास्वंदीला घालायचं? एवढंच सांगा. आई घरी गेल्यावर विचारणार आहे."

काच वर गेली. गाडी फाटकाबाहेर पडली, जास्वंदीला घासून.

किल्ली अजून चिमटाच्या गळ्यात आहे. सर रोज मागतात, ती रोज म्हणते, साहेबांचं उत्तर आलं की देते. शाळेतून काढू, असा दम देऊन झालाय. ती नाक पुसते आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडते. फरश्या पोरी आळीपाळीनं धुतात. परवा शिपाईमामा बाजारातून नवं कुलूप घेऊन आलेत. ते सरांच्या टेबलावर पडून आहे, तुमच्या निरोपाची वाट बघत.

तर साहेब, ताईनं पाणी प्यायचं की नाही? हो किंवा नाही. 'बघू' चालणार नाही.